फ्रेस्किनचा वंशवृक्ष : स्कॉटलंडची सरदार घराणी आणि फ्लँडर्सचा धागा

स्कॉटलंडच्या ईशान्येला, एल्गिन गावाजवळच्या सपाट शेतजमिनीत डफस नावाचा पडका किल्ला आहे. दगडी बांधकाम चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे. ज्या मातीच्या टेकाडावर ते उभे केले, ते मात्र माणसांनी रचलेले आणि त्या बांधकामाहून दीड शतकाने जुने. मातीला दगडाचा भार पेलला नाही, म्हणून इमारतीचा एक तुकडा घसरून तिरका झाला आहे. ११४० च्या सुमारास या टेकाडावर लाकडी गढी बांधणारा माणूस म्हणजे फ्रेस्किन. सदरलंडचे अर्ल आणि मरे घराणे त्याला मूळपुरुष मानतात, आणि डग्लस घराण्याचे नावही त्याच्याशी जोडले जाते. तो फ्लेमिश होता, असे जवळपास प्रत्येक इतिहासग्रंथात लिहिलेले असते. हे विधान नेमके कशावर उभे आहे, ते पाहण्यासारखे आहे.

फ्लँडर्स म्हणजे ब्रुज, गेंट, ईपर या शहरांचा प्रदेश. आज त्याचा मोठा भाग बेल्जियममध्ये येतो. अकराव्या-बाराव्या शतकात तिथे वस्ती दाट, जमीन अपुरी, समुद्राच्या पुराची भीती कायमची, आणि वारसाहक्कात काही हाती न लागलेले धाकटे मुलगे पुष्कळ. त्यातून तलवार विकणारे शिपाई, लोकरीचे व्यापारी आणि नव्या वसाहती करणारे लोक बाहेर पडले. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची राणी मटिल्डा फ्लँडर्सच्या काउंटची मुलगी होती, आणि १०६६ च्या मोहिमेत तिकडचे अनेक सरदार होते. पुढे पहिल्या हेन्रीने ११०८ च्या सुमारास फ्लेमिश लोकांची एक वसाहत वेल्समधल्या पेम्ब्रोकशरमध्ये वसवली. ११५४ मध्ये दुसरा हेन्री गादीवर आला आणि त्याने फ्लेमिश भाडोत्री सैन्याला देशाबाहेर काढले.

स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड (११२४–११५३) इंग्लंडच्या दरबारात वाढलेला. परके पण कामाचे लोक हाताशी धरण्यात त्याला संकोच नव्हता. सेंट अँड्र्यूज या नव्या पेठेचा कारभार पाहायला त्याने बेरिकहून मेनार्ड नावाचा फ्लेमिश माणूस दिला. डेव्हिडचा नातू चौथा माल्कम याने क्लाइड नदीच्या वरच्या खोऱ्यात अशाच लोकांना ओळीने जमिनी दिल्या. तिथली गावे अजून मालकांच्या नावाने ओळखली जातात : लॅम्बिनचे लॅमिंग्टन, टँकार्डचे थँकरटन, विसचे विस्टन.

उत्तरेकडच्या मोरे प्रांताची गोष्ट वेगळी. तिथला अधिपती अँगस याने ११३० मध्ये बंड केले आणि तो स्ट्रॅकाथ्रोच्या लढाईत मारला गेला. डेव्हिडने प्रांत खालसा केला आणि तिथे आपली माणसे आणून बसवली. फ्रेस्किनकडे आधीपासून एडिंबराच्या पश्चिमेला स्ट्राब्रॉकची जहागीर होती, आता डफसही आले.

त्याच्याबद्दलचा कणा म्हणावा असा कागद त्याच्या स्वतःच्या नावाचा नाहीच. माल्कमनंतरचा स्कॉटलंडचा राजा विल्यम याने ११६६ ते ११७१ च्या दरम्यान फ्रेस्किनचा मुलगा विल्यम याला एक सनद दिली. स्ट्राब्रॉक, डफस, रोझाइल अशी गावे तिच्यात मोजली आहेत, आणि डेव्हिड राजाच्या काळात या जमिनी त्याच्या वडिलांकडे होत्या, असे म्हटले आहे. एवढेच. वडील कुठून आले, कोणाचे मुलगे होते, यावर अक्षर नाही. सनद लिहिणाऱ्याला जमिनीशी मतलब होता, कुळाशी नव्हता, आणि वंशावळी शोधणाऱ्यांची पंचाईत बहुधा इथेच होते.

मग फ्लेमिश कशावरून? मुख्यतः नावावरून. फ्रेस्किन हे नाव गेलिक नाही आणि नॉर्मनही नाही. शेवटचा ‘किन’ हा लाडाचा प्रत्यय फ्लँडर्सकडच्या बोलीतला. बाकी पुरावा परिस्थितीचा : त्याच काळात, त्याच राजाने, तशाच कामासाठी आणलेले लोक फ्लेमिश होते. मला हा तर्क पटतो, पण तो तर्कच आहे. पेम्ब्रोकशरमधून तो आला असे काहीजण ठासून सांगतात, त्याला तर एवढाही आधार नाही.

तुलनेला शेजारीच एक घराणे आहे. स्पे आणि लॉसी नद्यांच्या मधली इनेसची जमीन चौथ्या माल्कमने बेरोवाल्ड नावाच्या माणसाला दिली. ती सनद पर्थला नाताळात दिलेली आहे, आणि राजाचा पश्चिम किनाऱ्याचा अधिपती सोमरलेड याच्याशी तह झाल्यानंतरचा नाताळ अशी तिची खूण असल्यामुळे अभ्यासक ती ११६० ची धरतात. लॅटिन मजकुरात बेरोवाल्डच्या नावापुढे सरळ ‘फ्लँडरेन्सिस’, म्हणजे फ्लँडर्सचा, असे लिहिले आहे. १२२६ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरने त्याचा नातू वॉल्टर याला तीच जमीन कायम केली, तेव्हा वॉल्टर, त्याचा बाप जॉन, त्याचा बाप बेरोवाल्ड अशा तीन पिढ्या एका ओळीत आल्या. वंशावळ लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवे असते! इनेस हे आडनाव जमिनीवरून पडले. याच घराण्यातल्या सर जेम्स इनेस यांनी रॉक्सबर्गच्या ड्यूकपदावर हक्क सांगितला आणि लॉर्डांच्या सभागृहात तो दावा १८१२ मध्ये जिंकला. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. वारस मुलगा त्यानंतर, १८१६ मध्ये जन्मला.

फ्रेस्किनच्या वंशजांनीही प्रांताचेच नाव घेतले. ‘दे मोराविया’, म्हणजे मोरेचे, यातून पुढे मरे झाले. दोन-तीन पिढ्यांत हे लोक पूर्ण स्थानिक झाले. अँड्र्यू दे मोराविया या बिशपने १२२४ मध्ये मोरेचे मुख्य चर्च एल्गिनला आणले. गिल्बर्ट दे मोराविया केथनेसचा बिशप झाला आणि पुढे संत मानला गेला. फ्रेस्किनचा वंशज ह्यू याच्याकडे सदरलंड आले, त्याचा मुलगा विल्यम १२३५ च्या सुमारास पहिला अर्ल झाला. १२९७ मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर वॉलेसच्या बरोबरीने इंग्रजांशी लढणारा अँड्र्यू मरे याच कुळातला.

डग्लसांचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. १६४४ मध्ये छापलेल्या घराण्याच्या इतिहासात डेव्हिड ह्यूम यांनी मूळपुरुष म्हणून आठव्या शतकातला शोल्टो नावाचा वीर उभा केला होता. १८०७ मध्ये जॉर्ज चाल्मर्स यांनी तो बाजूला सारला आणि थिओबाल्ड या फ्लेमिश माणसाला पुढे केले, कारण केल्सोच्या मठाधिपतीने बाराव्या शतकाच्या मध्यावर त्याला डग्लस नदीकाठची जमीन दिली होती. पण डग्लस नाव लावणारा पहिला माणूस, विल्यम, ११७४ नंतर कागदात येतो आणि तो थिओबाल्डचा मुलगा असल्याचे कुठेच लिहिलेले नाही. मठाने दिलेली जमीनही डग्लसांच्या मूळ जहागिरीतली नाही. एक दंतकथा काढून तिच्या जागी कागदाच्या आधाराने दुसरी ठेवली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

खरा धागा दुसरीकडून मिळतो. या विल्यमचा मुलगा ब्रायस १२०३ ते १२२२ मोरेचा बिशप होता. तो केरडालचा फ्रेस्किन या नंतरच्या, दुसऱ्या माणसाला ‘अवंकुलस’ म्हणतो. इंग्रजीत काका-मामा एकच, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांत हा मुद्दा खुलासा केल्याशिवाय कळत नाही. लॅटिनमध्ये हा शब्द मुळात मामासाठी. म्हणजे ब्रायसची आई फ्रेस्किनच्या नात्यातली असावी. त्याच्या एका भावाचे नावही फ्रेस्किन होते. तेव्हा डग्लसांकडे फ्लेमिश रक्त आले असेल तर ते आजोळकडून, हे मला थिओबाल्डपेक्षा कितीतरी भक्कम वाटते.

आणखी एक पुरावा नेहमी पुढे केला जातो, तो ढालीवरच्या चिन्हांचा. मरेंच्या ढालीवर निळ्यावर तीन चांदीचे तारे, सदरलंडांच्या लालवर तीन सोनेरी, आणि डग्लसांच्याही वरच्या पट्टीत तीन तारे. १४२० च्या सुमारास अँड्र्यू ऑफ विंटन या इतिहासकाराने मरे आणि डग्लसांच्या ताऱ्यांतले साम्य टिपले होते. दोन्ही घराण्यांच्या आरंभाबद्दल लोक वेगवेगळे बोलतात, आपल्याला निश्चित काही सांगता येत नाही, पण चिन्हांवरून ते एका रक्ताचे दिसतात, असे त्याने लिहिले. गंमत अशी की इनेसांच्या ढालीवरही तीन तारेच आहेत, आणि ते तर बेरोवाल्डचे वंशज. म्हणून तारे भाऊबंदकी सिद्ध करत नाहीत. शेजार, सोयरीक किंवा एखाद्या बड्या घराण्याची छाया एवढेच फार तर सांगतात.

सदरलंडांनाही एके काळी फ्रेस्किन पुरेसा वाटत नव्हता. सतराव्या शतकात सर रॉबर्ट गॉर्डन यांनी घराण्याचा इतिहास लिहिला, त्यात मॅकबेथच्या काळातला अ‍ॅलन नावाचा ‘थेन’ (राजाच्या हाताखालचा स्थानिक अधिकारी) पूर्वज म्हणून येतो. अर्लपद मुलीकडे जाऊ शकते का, या वादात १७७१ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने वारलेल्या अर्लच्या लहानग्या मुलीच्या, एलिझाबेथच्या बाजूने निकाल दिला. तिच्यासाठी लॉर्ड हेल्स यांनी तयार केलेल्या कैफियतीत जुनी कागदपत्रे तपासून वंशक्रम मांडलेला आहे. घराण्याचा मान राखणे आणि कोर्टात टिकेल असे लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वंशावळशास्त्राला शिस्त लागली ती बरीचशी अशा दाव्यांमुळे.

आता पुरुषवंशाच्या, म्हणजे बापाकडून मुलाकडेच जाणाऱ्या डीएनएवर लोकांची भिस्त आहे. सदरलंडच्या अर्लांपुरता तो मार्ग बंद आहे. हे पद १५१४ च्या सुमारास मुलीमार्फत गॉर्डनांकडे गेले, पुढे एलिझाबेथच्या लग्नातून लेव्हसन-गोवरांकडे, आणि १९६३ मध्ये पुन्हा एका स्त्रीकडे आले. सदरलंडचे ड्यूकपद तेव्हा अर्लपदापासून वेगळे होऊन एगर्टन शाखेत गेले. मरेंच्या आणि इनेसांच्या शाखांत तपासणी करता येते, पण ती जुळली तरी फ्रेस्किनच्या मूळ गावापर्यंत नेणार नाही. त्यासाठी फ्लँडर्समधल्या बाराव्या शतकाआधीच्या सनदांत हे नाव कुठल्या मठाच्या, कुठल्या जहागिरीच्या साक्षीदारांत येते, ते एकेक चाळून पाहावे लागेल.