एचेव्हेरिया

एचेव्हेरिया : क्रॅसुलेसी कुलातील, म्हणजे पानफुटीच्या नात्यातील, जाड रसदार पानांच्या बहुवर्षायू वनस्पतींची प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातील अनेक जातींचा गट. आखूड खोडाभोवती पाने फिरत्या क्रमाने इतकी दाटीने लागतात की वरून पाहिल्यास उमललेले फूलच वाटावे. या रचनेला बागकामात सरसकट रोझेट म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे. जातींची संख्या साधारण दीडशे धरतात, पण प्रजातीची हद्द कोण कुठे आखतो त्यानुसार ती वर-खाली होते. बहुतेक जाती मेक्सिकोतल्या. थोड्या उत्तरेस टेक्ससमध्ये आणि दक्षिणेस मध्य अमेरिका व अँडीजच्या रांगेतून अर्जेंटिनाच्या वायव्य भागापर्यंत आढळतात. घरात कुंडीत लावण्याजोग्या सक्युलंट वनस्पतींत ही प्रजाती अग्रभागी आहे.

नावाचा इतिहास : स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ पिराम द कांदोल यांनी १८२८ मध्ये ‘प्रोद्रोमस’ या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ही प्रजाती स्थापन केली आणि तिला आतानासिओ एचेवेर्रिआ या मेक्सिकन चित्रकाराचे नाव दिले. वनस्पतींना संग्राहकांची आणि आश्रयदात्यांची नावे पुष्कळ मिळाली, चित्रकाराची त्यामानाने थोडी. मूळ स्पॅनिश उच्चारात ‘च’ आहे. ‘इकेव्हेरिया’ असे रूप कधी कधी ऐकू येते, त्याला मुळाचा आधार नाही.

एचेवेर्रिआचे शिक्षण मेक्सिको शहरातील सान कार्लोस अकादमीत झाले. स्पेनच्या राजाज्ञेने निघालेल्या नवस्पेनच्या (मेक्सिको व आसपासच्या तत्कालीन स्पॅनिश वसाहतीच्या) वनस्पती मोहिमेत (१७८७–१८०३) तो चित्रकार होता. मोहिमेचे नेतृत्व मार्तीन दे सेसे यांच्याकडे होते आणि होसे मारिआनो मोसिन्यो हे त्यांचे प्रमुख सहकारी. १७९२ मध्ये मोसिन्यो आणि एचेवेर्रिआ पार उत्तरेला नूटकापर्यंत, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, जाऊन आले. मोहिमेची चित्रे पुढे स्पेनला गेली, पण ग्रंथ काही निघाला नाही. राजकीय उलथापालथीत मोसिन्यो यांना स्पेन सोडावे लागले. चित्रांसह ते फ्रान्समध्ये माँपेलिए येथे पोचले आणि तिथे त्यांची द कांदोल यांच्याशी गाठ पडली. द कांदोल जिनिव्हाला परतले तेव्हा चित्रे त्यांच्यासोबत गेली. काही काळाने, बहुधा १८१७ मध्ये, मोसिन्यो यांनी ती परत मागितली. तेव्हा जिनिव्हातील शंभरावर लोकांनी, त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा, अवघ्या दहाएक दिवसांत सुमारे हजार चित्रांच्या नकला करून दिल्या. दिवस आणि माणसे यांचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी थोडे निराळे दिलेले आहेत. प्रसंगाविषयी मात्र वाद नाही. मोसिन्यो यांच्या मृत्यूनंतर मूळ चित्रे दीडशेहून अधिक वर्षे अभ्यासकांच्या नजरेआड राहिली. ती बार्सिलोनातील एका कुटुंबाकडे निघाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील हंट संस्थेकडे आली.

या साऱ्यामुळे ही प्रजाती ‘केवळ चित्रांवरून’ उभी राहिली असे विधान अनेकदा केले जाते. ते जरा सैल आहे. प्रजातीची नमुना-जाती, म्हणजे प्रजातीचे नाव जिच्याशी कायमचे जोडलेले असते ती जाती, मानली जाणारी एचेव्हेरिया कॉक्सिनिया स्पेनमध्ये लागवडीत आलेली होती आणि स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिल्येस यांनी १७९३ मध्येच तिचे वर्णन याच कुलातील कॉटिलेडॉन या प्रजातीत केले होते. एचेव्हेरिया गिबिफ्लोरासारख्या जातींच्या बाबतीत मात्र आधार मुख्यतः मोहिमेच्या चित्राचा होता. चित्रांनी प्रजातीला नाव दिले आणि काही जाती दिल्या, एवढेच म्हणणे योग्य.

प्रजातीची हद्द : इथून गोंधळ सुरू होतो. द कांदोल यांनी एचेव्हेरियात घातलेली एक कॅलिफोर्नियन जाती आज डडलीया या वेगळ्या प्रजातीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेकर आदी इंग्रज अभ्यासकांनी एचेव्हेरियाच मोडीत काढून तिच्या जाती पुन्हा कॉटिलेडॉनमध्ये लोटल्या. १९०३ पासून ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन जोडीने नेमके उलट केले : एचेव्हेरिया पुन्हा उभी केली, डडलीया वेगळी काढली आणि टोकदार पानांच्या एचेव्हेरिया अगेव्हॉइडिससाठी अर्बिनिया अशी स्वतंत्र प्रजाती केली. १९३० मध्ये आल्विन बर्गर यांनी अर्बिनिया वगैरे तुकडे परत एकत्र आणले. एरिक वॉल्थर यांचा या प्रजातीवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १९७२ मध्ये, प्रसिद्ध झाला आणि संग्राहक अजूनही बऱ्याच अंशी त्याच्याच चौकटीत बोलतात.

कॉटिलेडॉनच्या त्या काळाचा एक अवशेष म्हणजे ‘पॅराग्वेची’ म्हणून गाजलेली, सहज तुटणाऱ्या राखाडी पानांची वनस्पती. १९१४ मध्ये तिला कॉटिलेडॉन पॅराग्वायेन्सिस असे नाव मिळाले. आज ती ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्स आहे. प्रजाती दुरुस्त झाली, देश चुकीचाच राहिला : ती मूळची मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातली. नामकरणाच्या नियमांनुसार एवढ्या कारणासाठी नाव बदलता येत नाही.

गुणसूत्रांच्या अभ्यासाने, विशेषतः कॉर्नेल विद्यापीठातील चार्ल्स उल यांच्या दीर्घ कामाने, एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटॅलम, पॅकिफायटम आणि सेडमच्या काही जाती यांच्यात किती सहज संकर होतो ते दाखवून दिले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतही एचेव्हेरियाच्या जाती वंशवृक्षाच्या एकाच फांदीवर एकत्र येत नाहीत. शेजारच्या प्रजाती मधूनमधून घुसलेल्या दिसतात. या सगळ्यांची मिळून एकच मोठी प्रजाती करावी असा एक विचार आहे. तो तर्काला धरून आहे खरा, पण फुलांच्या ठळक खुणा त्यात गमावल्या जातात. कुंडी हातात घेऊन झाड ओळखणाऱ्याला जुनी हद्दच अधिक उपयोगी पडते आणि या नोंदीत तीच पाळली आहे. विक्रीच्या कुंड्यांवरील चिठ्ठ्यांत मात्र संकरांना बिनदिक्कत मूळ जातीचे नाव दिलेले असते. फूल येईपर्यंत त्या नावावर फार विसंबू नये.

रूप : पाने बिनदेठाची, जाड, टोकाला बहुधा एक बारीकसा काटेरी उंचवटा. एखाद्या रोझेटच्या मधोमध नजर ठेवून बाहेरच्या दिशेने पानांच्या रांगा मोजल्या, तर एका बाजूला वळणाऱ्या पाच आणि दुसऱ्या बाजूला वळणाऱ्या आठ, किंवा आठ आणि तेरा, अशा सर्पिल रांगा बहुतेक वेळा मिळतात. लागोपाठच्या दोन पानांतला कोन १३७.५ अंशांच्या आसपास असल्याने हे घडते. त्यामुळे वरचे पान खालच्याला पूर्ण झाकत नाही. एचेव्हेरिया एलेगन्स, एचेव्हेरिया लाउई यांसारख्या जातींच्या पानांवर मेणाचा पांढुरका थर असतो. तो प्रखर ऊन परतवतो आणि पाण्याचा थेंब टिकू देत नाही. हाताळताना बोट लागले की तिथे हिरवा ठसा उमटतो आणि त्या पानावर तो शेवटपर्यंत राहतो. लाउईची कुंडी उचलणाऱ्यांचे अंगठे असे जपून ठेवलेले असतात. एचेव्हेरिया सेटोसाची पाने उलट लवदार. गिबिफ्लोराच्या काही वाणांच्या पानांवर खडबडीत फुगवटे येतात. तो रोग नाही, वाणाचाच गुण आहे.

फुलोरा पानाच्या बगलेतून, म्हणजे रोझेटच्या कडेकडून निघतो. फूल पाच पाकळ्यांचे, पाच कोनी चंबूसारखे, लाल-नारिंगी-पिवळ्या छटांचे, पुंकेसर दहा. मूळ प्रदेशात मधासाठी त्यावर गुंजनपक्षी येतात. फुलोरा कडेने येत असल्याने फुलून गेल्यावरही रोझेट जगतो. दिसायला जवळच्या सेम्परव्हायव्हममध्ये तो मधल्या शेंड्यातून येतो आणि फुललेला रोझेट मरतो. दोहोंतला हा सर्वांत खात्रीचा फरक.

रात्रीचा श्वास : बहुतेक झाडे पानांची रंध्रे दिवसा उघडतात. या कुलातील अनेक वनस्पती ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक अम्लाच्या रूपात पेशींतील रिक्तिकांत (द्रवाने भरलेल्या पिशव्यांत) साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण चालवतात. पाण्याची बचत त्यातून होते. या चयापचयाला क्रॅसुलेसी कुलावरूनच ‘क्रॅसुलेसियन अम्ल चयापचय’ असे नाव पडले आहे. भारतात काम करणारे बेंजामिन हाइने यांनी १८१३ च्या एका पत्रात पानफुटीची पाने चघळून केलेले निरीक्षण कळवले : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडसर. साठलेले अम्ल दिवसभरात खर्च होते हे जिभेला आधी कळले, रसायनशास्त्राला नंतर. रात्र उबदार आणि कोंदट असेल तर हा व्यवहार मंदावतो. उन्हाळ्यात घरातली एचेव्हेरिया रुसल्यासारखी थांबते त्यामागे हे एक कारण आहे.

लागवड : बहुसंख्य जाती डोंगराळ भागात, हजार ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात, कड्यांच्या कपारींत वाढतात. तिथे रोझेट बहुधा तिरका किंवा जवळजवळ उभा असतो, पाऊस त्यातून ओघळून जातो, मुळांशी मूठभर माती असते आणि रात्री थंड असतात. कुंडीत रोझेट आडवा, वर तोंड करून बसतो. मग मधल्या खळग्यात पाणी साचते आणि खोड तिथून कुजते. म्हणून पाणी मातीला द्यावे, डोक्यावरून नको. चुकून साचलेच तर फुंकून किंवा कापसाने टिपून काढावे.

कुंडीला भोक हवेच, आणि ती पसरट व उथळ असलेली बरी. मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग पर्लाइट, पमिस (दोन्ही ज्वालामुखीजन्य हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू असा खनिज असावा. बारीक वाळू चालत नाही, ती मातीचे सिमेंट करते. पाणी घालताना तळातून वाहीपर्यंत घालावे आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा घालू नये. वार ठरवून पाणी देणे हा या झाडांच्या मृत्यूचा नेहमीचा मार्ग. त्याऐवजी सर्वांत खालचे पान चिमटीत धरून पाहावे. ते ताठ असेल तर थांबावे. किंचित मऊ पडून बारीक सुरकुत्या आल्या असतील तर पाणी द्यावे. पान मऊ पण पिवळसर, आरपार दिसणारे आणि पाणचट असेल तर ती तहान नव्हे, कूज आहे. नवखा माणूस हीच तहान समजून आणखी पाणी घालतो.

रोज काही तास सकाळचे थेट ऊन मिळाले तर रोझेट घट्ट राहतो. कमी उजेडात खोड लांबते, पाने खाली वळतात. लांबलेला भाग पुन्हा आखूड होत नाही. सावलीतले झाड एकदम उन्हात नेल्यास पाने भाजून कायमचे तपकिरी डाग पडतात, म्हणून दोनेक आठवड्यांत हळूहळू सरकवावे. टोकांची लाली ऊन, थंडी आणि कोरडेपणाच्या ताणाने चढते. ताण सरला की उतरते. गोठणारी थंडी बहुतेक जातींना सोसत नाही. खत अगदी पातळ, आणि तेही वाढीच्या हंगामात.

अभिवृद्धी : पान बुडापासून, खोडाचा सांधा न तुटता, हलकेच डावी-उजवीकडे हलवून सोडवायचे, अर्धवट तुटलेले पान फुटत नाही. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून ते कोरडसर मिश्रणावर नुसते ठेवावे, पुरू नये. काही आठवड्यांत बुडातून गुलाबी धाग्यांसारखी मुळे येतात आणि त्यांच्याशेजारी मोहरीएवढा रोझेट दिसू लागतो. आईपान सुरकुतत जाऊन आपोआप गळेपर्यंत ओढून काढू नये. गिबिफ्लोराच्या गटातील मोठ्या पानांच्या जातींना हा उपाय सहसा लागू पडत नाही. त्यांच्या फुलोऱ्याच्या दांड्यावरची छोटी पाने घेतल्यास यश अधिक. लांबलेले झाड वरून कापून शेंडा वेगळा रुजवतात. दाट पानांतून चाकू जात नाही, तिथे मजबूत दोरा खोडाभोवती गुंडाळून ओढावा. काप कोरडा पडला की शेंडा लावावा. खाली उरलेल्या खुंटातून पिल्ले फुटतात.

कीड : पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. तो पानांच्या बेचक्यांत आणि खालच्या वाळक्या पानांआड लपतो, म्हणून वाळकी पाने वेळोवेळी काढावीत. दिसलेली कीड अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसतात; त्याने मेणाचा थरही जातो हे लक्षात घ्यावे. फुलोऱ्यावर मावा येतो, दांडाच कापून टाकणे सोपे. एचेव्हेरिया कुत्र्या-मांजरांना विषारी मानली जात नाही. त्याच कुलातील पानफुटी आणि तिच्या कलांचो प्रजातीतील इतर झाडांत मात्र हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात, तेव्हा या दोन कुंड्या एकाच कट्ट्यावर ठेवताना चिठ्ठी नीट पाहिलेली बरी.