दरोडेखोराची आक्का नेमकी कशी होती?

बेळगाव सीमाभागातल्या खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जुन्या माणसांना बोलतं केलं की कुठल्या ना कुठल्या दरोडेखोराची गोष्ट निघतेच. त्यानं कुठं डाका घातला, कुठं सापडला, यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो घरच्यांवरून. धरून चालू, त्याची थोरली बहीण, सगळ्या गावाची आक्का. कट्ट्यावरचे एक काका सांगतात, "आक्का लई मायाळू. आम्हा पोरांना बोलावून शेंगा द्यायची." शेजारचे तात्या उसळतात, "कसली मायाळू? चोरीचा माल कणगीत ठेवायची. मी डोळ्यानं बघितलंय की!" दोघंही सत्तरीपुढचे, दोघंही शपथेवर. ऐकणाऱ्याला वाटतं, एक जण नक्की थापा मारतोय. मला तसं वाटत नाही.

स्यूलिन आणि डूलिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक साधा प्रयोग केला. एका हुकूमशहावरचा छोटा उतारा लोकांना वाचायला दिला. काहींच्या कागदावर नाव होतं जेराल्ड मार्टिन, काहींच्या कागदावर अॅडॉल्फ हिटलर. बाकी मजकूर तोच. नंतर काही वाक्यं दाखवून विचारलं, यातलं कुठलं वाचलं होतं? त्यात ज्यूंच्या छळाचं एक वाक्य मुद्दाम घुसडलेलं होतं, मूळ उताऱ्यात ते नव्हतंच. हिटलरचं नाव वाचलेल्यांपैकी कितीतरी जण म्हणाले, "होतं!" आठवडा उलटल्यावर तर ही चूक आणखी वाढली.

त्याहून मजेशीर १९७७ चा प्रयोग. इथं एका अनोळखी मुलीबद्दलचा उतारा होता. ही मुलगी म्हणजे हेलन केलर, हे वाचणाऱ्यांना सांगितलं ते आठवड्यानंतर, चाचणीच्या तोंडावर. तरीही ती आंधळी आणि बहिरी असल्याचं वाक्य आपण वाचलंय, असं अनेकांना वाटलं. म्हणजे माहिती मागाहून आली आणि थेट जुन्या वाचनात जाऊन बसली.

आता आक्काकडे बघा. ती दुपारी दार लावून बसायची, एवढंच दोघांनी पाहिलं असेल. तेव्हा तिच्या भावाला कुणी ओळखतही नव्हतं. पुढं तो गाजला. ज्याच्या लेखी तो गरिबांचा वाली, त्याला आत शेंगा सोलणारी बाई आठवते. ज्याच्या घरी डाका पडला, त्याला तेच बंद दार आणि आतली कणगी. दार दोघांचंही खरं आहे.

यावर शंका घेणारेही आहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. बेलेझा आणि बॉवर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की अशा प्रयोगांत आठवण आतून बदलतेच असं नाही. नीट आठवत नसलं की माणूस मागाहून कळलेल्या गोष्टीला शोभेल असा अंदाज ठोकतो. पण कट्ट्यावर बोलणाऱ्याला हा अंदाजही आठवणीसारखाच वाटतो. पंचाईत तिथंच आहे.

शिवाय हा कट्टा! गॅबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात दोघांना एकाच घटनेची चित्रफीत वेगवेगळ्या कोनांतून दाखवली. पैसे चोरल्याचं दृश्य एकाच कोनातून दिसत होतं. दोघांना आपसांत बोलू दिल्यावर ७१ टक्के लोकांनी आपण न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली किमान एक गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. तिथं काही मिनिटांच्या गप्पा होत्या. इथं पन्नास वर्षांच्या.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे, तो भाषेचा. मारियन आणि नायसर यांना २००० मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांत असं आढळलं, की रशियनमध्ये विचारलं तर रशियन बोलत जगलेल्या काळातल्या आठवणी जास्त निघतात, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीतल्या. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड. तेव्हा त्याच तात्यांना मराठीत विचारलं तर परड्यातली आक्का आठवेल आणि कन्नडमध्ये विचारलं तर आठवडी बाजारात दरावरून भांडणारी, अशी बरीच शक्यता आहे.

म्हणून अशा आठवणी गोळा करायच्या तर कट्ट्यावर बसून करू नयेत. एकेकाला घरी गाठावं, जमल्यास दोन्ही भाषांत बोलावं. "ती माल लपवायची का?" असं विचारायचं नाही, "तिच्याबद्दल सांगा" एवढंच म्हणून गप्प बसायचं. "हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?" हा प्रश्न मात्र प्रत्येक गोष्टीला विचारायचा. मग कागद बघायचे: शाळेचं जनरल रजिस्टर, घराचा उतारा, लग्नाची नोंद असलीच तर तीही. दरोडे सुरू होण्याआधीच आक्का सासरी गेली होती असं निघालं, तर कणगीपाशी तात्यांनी पाहिलेली बाई तिची भावजयही असू शकते, आणि मग विचारपूस त्या भावजयीच्या माहेरापासून नव्यानं करावी लागते.