पार्श्वभूमी : चटणी मावशींची, खातं मुलाचं

गावाकडून शहरात आलेल्या कष्टकरी बायकांना ऑनलाइन कमाई करता यावी म्हणून आता बरीच धडपड चालते. त्यात पहिला धडा असतो विक्रीचा. खरं तर विकायला या बायकांना कुणी शिकवायची गरज कधीच नव्हती. त्यांचं अडलं ते कायम कागदापाशी.

परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. त्यांना जेवू घालायची ती खाणावळवाली. बहुतेकदा तीही गावाहूनच आलेली. जेवण रोज, पैसे मात्र पगार झाल्यावर. मधला महिना वाण्याच्या उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. गिरणीच्या हजेरीपटावर तिचं नाव नाही, म्हणून कामगारांत ती धरलीच जात नव्हती. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या.

त्याआधी तीनच वर्षं, 1972 मध्ये, अहमदाबादेत इला भट्ट स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या बायकांच्या ‘सेवा’ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला गेल्या, तेव्हा कामगार खात्यानं हरकत घेतली : या बायकांना मालकच नाही, मग युनियन भांडणार कुणाशी? नोंदणी शेवटी झाली, पण तो प्रश्न काही मेला नाही. आज ॲपवरून काम घेणारी ब्युटिशियन ‘पार्टनर’ म्हणवली जाते, म्हणजे मालक पुन्हा गायब. ऑक्टोबर 2021 मध्ये गुरुग्रामला अशाच पार्टनर बायका कमिशनच्या विरोधात कंपनीच्या ऑफिससमोर बसल्या होत्या. ‘गिग कामगार’, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर सुटी कामं करणारा, हा शब्द कायद्यात आला 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ती लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडला.

ऑनलाइन धंद्याची वाट मोकळी झाली ती 2016 नंतर, यूपीआय आणि स्वस्त डेटामुळे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका 33 टक्केच निघाल्या; पुरुष 57. स्वतः वापरता येईल असा मोबाइल 54 टक्के बायकांकडे होता. उरलेल्यांना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलचाच आधार.

जीएसटीची गंमत तर वेगळीच. दुकानात माल विकणाऱ्याला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण तोच माल ऑनलाइन बाजारावर ठेवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची असायची. लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली 1 ऑक्टोबर 2023 पासून, आणि तीही राज्यातल्या राज्यात विकलं तरच. पुण्यातली चटणी या मार्गानं सोलापूरला जाईल, बेळगावला नाही!

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या जत तालुक्यातल्या. 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी त्यांना गेटवरच थांबवलं, तीन महिने एकही घर नाही. तेव्हा त्यांनी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. शेजारच्या मुलीनं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि पहिल्या आठवड्यातच बरण्या कमी पडल्या. पुढे खाद्य परवान्याची नोंदणी करायची ठरली. अर्जात धंद्याच्या जागेचा पत्ता लागतो. आधारवर पत्ता गावचा, आणि भाडेकरार करून द्यायला खोलीमालक तयार नाही. नोंदणी तिथंच राहिली.

चटणी अजून चालते. बरणीच्या झाकणावर त्यांनी क्यूआर कोडचा स्टिकर चिकटवलाय. परवा पैसे पाठवताना स्क्रीनवर त्यांच्या मुलाचं नाव आलं. ‘‘त्याच्याच खात्यात जातंय. मला लागंल तसं मागून घेते मी,’’ म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली.