आयएल-२३ आणि आयएल-१७: एकाच साखळीतले, तरी कण्यात औषध एकावरच का चालतं?

तालमीतल्या विशी-बाविशीच्या पोराची कंबर धरली की वस्ताद उसणच म्हणणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण उसणीला विश्रांती मानवते. इथं उलटं चालतं. पहाटे उठल्यावर कंबर ताठ, जोर-बैठका मारल्या की मोकळी, आणि सुट्टीला लोळून काढलं की पुन्हा आखडलेली. रात्री उशिरा दुखून जाग येते ती वेगळीच. तीन महिन्यांवर असं चाललं, तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे कण्याच्या दाहक संधिवाताची शंका घ्यावी.

मग एचएलए-बी२७ चा रिपोर्ट येतो आणि घरचे हबकतात. हे जनुक बहुतेक रुग्णांत सापडतं हे खरं. पण ज्यांच्यात ते आहे त्यांतल्या फार थोड्यांनाच हा आजार होतो. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी आखाडा सोडू नये.

खरा गोंधळ दाह अडवणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला की होतो. आयएल-२३ आणि आयएल-१७ ही नावं जोडीनंच कानावर येतात, त्यामुळं एकाच औषधाचे दोन ब्रँड असावेत असं वाटतं. दोन्ही प्रतिकारशक्तीची निरोप पोचवणारी प्रथिनं आहेत, पण कामं वेगळी. आयएल-२३ प्रामुख्यानं डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज सोडतात. त्याचा निरोप टी-पेशींच्या एका गटाला मिळतो आणि त्या पेशी आयएल-१७ तयार करतात. पुढं हे आयएल-१७ न्यूट्रोफिल पेशी बोलावून दाह पेटवतं. म्हणजे एक वरचा, दुसरा खालचा.

जनुकशास्त्रानं बोट दाखवलं ते वरच्याकडं. २००७ साली या आजाराशी दोन नवी जनुकं जोडली गेली: ईआरएपी१ आणि आयएल२३आर. दुसरं जनुक आयएल-२३ चा निरोप घेणाऱ्या, पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाचं. त्या प्रथिनात ३८१ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन आलं, तर निरोप मंद पोचतो आणि आजाराचा धोका कमी होतो. तेव्हा आयएल-२३ अडवलं की काम फत्ते, असंच कुणालाही वाटलं असतं.

तसं झालं नाही. आयएल-२३ रोखणाऱ्या रिसान्किझुमॅबची चाचणी याच रुग्णांवर झाली. २०१८ साली निकाल आला तो निराशेचा. उलट आयएल-१७ए (आयएल-१७ चाच एक प्रकार) अडवणारं सेकुकिनुमॅब उपयोगी पडलं आणि २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकेत त्याला या आजारासाठी मंजुरी मिळाली.

मला पटणारं उत्तर सोपं आहे. राधानगरी धरणातून पाणी सुटलं नाही, तरी ज्याच्या बांधावर विहीर आहे त्याचा ऊस भिजतोच. स्नायुबंध हाडाला चिकटतात त्या जागी, कण्याच्या मणक्यांतही, काही टी-पेशी आयएल-२३ ची वाट न बघता स्वतःच आयएल-१७ बनवू शकतात. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत आयएल-२३ चं महत्त्व आजाराच्या सुरुवातीला दिसतं, तो मुरल्यावर कमी. जनुकातला तो बदल जन्मापासून सोबत असतो, औषध मात्र आजार जडल्यावर येतं. हा फरक मला मोठा वाटतो, तरी शेवटचा शब्द अजून पडलेला नाही.

आतड्यात पारडं फिरतं. क्रोन्सच्या आजारात, म्हणजे आतड्याच्या दाहात, आयएल-२३ अडवणारी औषधं उपयोगी पडतात. त्याच आजारातल्या सेकुकिनुमॅबच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र फायदा नव्हताच, काही रुग्णांची तब्येत उलट बिघडली. म्हणून कंबरेसाठी आयएल-१७ अडवणारं इंजेक्शन ठरत असेल आणि जुलाब लांबत असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर लाज सोडून डॉक्टरांना आधी सांगा. अशा वेळी ते बहुधा टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या अँटिबॉडीचा विचार करतील. कुठलंही इंजेक्शन ठरो, आपल्याकडं आधी क्षयाची तपासणी होतेच. ती टाळू नका.