खान्देशचं ऊन हेलसिंकीत पुरत नाही

पोरगं थंड देशात शिकायला निघालं की आमच्या जळगाव-धुळ्याकडे हमखास ऐकू येतं, ‘आंगमा ऊन मुरेल शे, तिथला अंधार काय करणार!’ 45 अंशांत वाढलेल्याला ते पटतंही. पण ऊन म्हणजे बरणीतलं लोणचं नव्हे. ड जीवनसत्त्वाचा साठा काही महिन्यांत ओसरतो, आणि सावळ्या कातडीला ते बनवायला ऊन उलट जास्तच लागतं. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, डिसेंबरचा दिवस जेमतेम 6 तासांचा. आपला जवळपास 11. भाचा तिथून दुपारी सव्वातीनला व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा त्याच्या खिडकीत रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात.

दुसरी गल्लत अशी, की ड ची गोळी घेतली की अंधाऱ्या हिवाळ्यातली उदासी गेली. गोळी मुख्यतः हाडांसाठी. झोपेचं घड्याळ चालतं डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर. म्हणून तिकडे सकाळी अर्धा तास 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा समोर ठेवतात (टक लावून बघायचं नाही हं). त्यातले अतिनील किरण गाळलेले असतात, म्हणजे त्यातून ड मिळत नाही. ढगाळ दुपारी मारलेली चक्करसुद्धा खोलीतल्या ट्यूबलाइटला भारी पडते. दोन आठवडे अंथरुणातून उठवेना, तर डॉक्टर गाठावा. भरिताची आठवण येतेच, ती वेगळी.