टाके न घालता चेहरा उचलणे: कोणता उपचार कुठल्या थरासाठी जन्माला आला

1894 मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू झालं. तेव्हापासून जत, तासगाव, विट्यापासून कर्नाटकातल्या गावांपर्यंतचे लोक औषधपाण्यासाठी इकडे येतात. आता सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘विनाशस्त्रक्रिया फेसलिफ्ट’ असं लिहिलेलं दिसतं. या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळे उपचार येतात आणि ते चेहऱ्याच्या वेगवेगळ्या थरांवर काम करतात. निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

शस्त्रक्रियेनं चेहरा ताणण्याच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये बर्लिनच्या होलँडर यांचं 1901 मधलं काम येतं. कानापुढची कातडी कापायची, ओढायची, शिवायची. पण कातडी लवचीक असते, त्यामुळे ती पुन्हा सैल पडे आणि व्रण रुंदावत. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी कातडीखालच्या चरबीच्याही आत, चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेल्या चिवट पडद्याचं नीट वर्णन केलं. त्याला ‘स्मास’ म्हणतात. गाल उतरतात आणि जबड्याची रेघ मोडते, त्यात या पडद्याच्या आधाराचा, गालातल्या चरबीच्या गाद्यांचा आणि झिजणाऱ्या हाडांचाही वाटा असतो. कातडीचा दोष त्यातला एक भाग. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरणारं प्रथिन, सुमारे 30 टक्क्यांनी घटतं, म्हणून तेव्हा ‘चेहरा एकदम उतरला’ असं वाटतं.

यंत्रांमध्ये आधी आली रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे ‘आरएफ’. 2002 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं थर्माज या यंत्राला डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. विजेच्या प्रवाहाला कातडी विरोध करते आणि त्यातून आत उष्णता तयार होते. कोलॅजनचे धागे आखडतात आणि पुढच्या काही महिन्यांत नवीन कोलॅजन तयार होतं. सुरुवातीला एकाच फेरीत जास्त ऊर्जा देत. ते फार दुखे, काही रुग्णांच्या गालावर चरबी विरघळून खळगे पडले. मग पद्धत बदलली: कमी ऊर्जा, जास्त फेऱ्या, आणि रुग्णाला ‘किती भाजतंय’ हे विचारत राहणं. म्हणून भूल देऊन चेहरा पूर्ण बधिर करणं इथे सोयीचं नसून धोक्याचं आहे. आरएफ पातळ, चुरगळल्यासारख्या कातडीला बरं. लोंबणारा जबडा त्यानं वर जात नाही. पेसमेकर असेल तर हा उपचार करू नये.

2009 मध्ये केंद्रित अल्ट्रासाउंडला भुवया उचलण्यासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे अशा यंत्रांना सरसकट ‘हायफू’ म्हणतात. भिंगानं ऊन एका टिपक्यावर गोळा करावं तसा ध्वनी आत एका बिंदूवर गोळा होतो, तिथे 60 ते 70 अंश सेल्सिअस तापमान होतं, आणि वरची कातडी शाबूत राहते. हँडपीसला, म्हणजे चेहऱ्यावर टेकवायच्या यंत्राच्या मुठीला, खोली ठरवणारे कार्ट्रिज (बदलता येणारे डबीसारखे भाग) लागतात: 4.5 मिलिमीटर स्माससाठी, 3 मिलिमीटर कातडीच्या खोल थरासाठी, 1.5 मिलिमीटर वरवरच्या थरासाठी. चूक होते ती खोली न बघता सगळीकडे एकच कार्ट्रिज फिरवल्यानं. मुळात वाळक्या गालांवर 4.5 चं कार्ट्रिज चालवलं तर आहे ती चरबीही जाऊन चेहरा अधिक ओढलेला दिसू शकतो. जबड्याच्या कडेवर ओठ खाली ओढणारी नस (मज्जातंतू) असते. तिला उष्णता लागली तर काही आठवडे हसू वाकडं दिसतं. बसवताना जेल कमी पडलं किंवा हँडपीस कातडीला नीट टेकला नाही, तर वर चट्टे उठतात. परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, म्हणून पंधरा दिवसांनी ‘पुन्हा करा’ म्हणणं निरर्थक.

कातडीखाली सरकवून गाल वर धरून ठेवणाऱ्या काटेरी धाग्यांचा उपाय 1990 च्या दशकात रशियात मार्लेन सुलामानिद्झे यांनी पुढे आणला. ते धागे न विरघळणारे होते. ते कातडीतून दिसत, सरकत, काढावे लागत. आताचे पीडीओ (पॉलिडायॉक्सॅनोन या विरघळणाऱ्या पदार्थाचे) धागे साधारण सहा-आठ महिन्यांत विरघळतात. जबडा थोडाच उतरला असेल आणि कातडी फार जाड नसेल तर त्यांचा उपयोग होतो. जड, भरलेल्या चेहऱ्याचं वजन धागा पेलत नाही. काटे सुटतात, जागोजागी खळ्या पडतात.

हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे सुईनं कातडीखाली भरायचं जेल, उचलत नाही, रिकामी झालेली जागा भरतं. उचलण्यासाठी ते भरत गेलं की चेहरा फुगतो. भरताना कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली किंवा जोरात दुखलं, तर रक्तवाहिनी बंद झाल्याची शंका घ्यायची आणि तिथल्या तिथे हायल्युरोनिडेज, म्हणजे हे फिलर विरघळवणारं औषध, द्यायचं. हे औषध दवाखान्यात तयार आहे का, हा प्रश्न उपचाराआधी विचारावाच. नजर धूसर झाली तर तो क्षण आणीबाणीचा.

आपल्या भागातल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला लेझरनं चट्टे धरण्याचा धोका जास्त. द्राक्षबागेत, उसात दिवसभर उभं राहणाऱ्यांनी तर कातडी जाळत जाणारे लेझर जपूनच घ्यावेत. आरएफ आणि हायफू रंगद्रव्यावर अवलंबून नसतात, म्हणून इथे तुलनेनं सुरक्षित. पण उपचारानंतरचं सनस्क्रीन आणि पदर-टोपी चुकवून चालत नाही.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. आरशासमोर बसून जबड्याखालची कातडी चिमटीत धरा. चिमटीत कागदासारखी पातळ आली तर दोष कातडीत, आरएफकडे वळा. जाड वळकटी आली तर चरबी आहे. मग कानापुढे बोट ठेवून गाल हलकाच मागे ओढा. तेवढ्यानं जबड्याची रेघ परत दिसली तर हायफू किंवा धाग्याला वाव आहे. हातभर ओढावं लागत असेल, तर कोणतंही यंत्र पैसे घेऊन निराशच करील. तिथे शस्त्रक्रियेचाच सल्ला खरा.

तुळशीच्या लग्नानंतरच्या लगीनसराईसाठी हायफू करायचं असेल तर ते श्रावणातच उरकावं. धागे लग्नाच्या तोंडावर नकोत: दोन-तीन आठवडे तोंड मोठं उघडणं, दात काढून घेणं, कुशीवर झोपणं आणि गालावर हळद चोळून घेणं, यातल्या कशानंही काटे सुटतात.