शिकागो
शिकागो हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यातले सर्वांत मोठे शहर असून न्यूयॉर्क आणि लॉस अँजेलिसखालोखाल त्याचा देशात तिसरा क्रमांक लागतो. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७,४६,३८८ होती. ते मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर वसले आहे. मराठी घरांत हे नाव बहुधा स्वामी विवेकानंदांच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेतील भाषणामुळे परिचित असते. ती परिषद ज्या इमारतीत भरली तिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय असून समोरच्या रस्त्याच्या एका भागाला विवेकानंदांचे मानद नाव दिलेले आहे.

शहर वसवायला ही जागा मुळात गैरसोयीची होती. जमीन सखल व दलदलीची असल्याने सांडपाण्याचा निचरा होत नसे आणि रोगराई पसरे. यावर उपाय म्हणून १८५० आणि १८६० च्या दशकांत रस्त्यांची पातळीच काही फूट वर नेण्यात आली. विटांच्या अवजड इमारती स्क्रू-जॅक लावून उचलण्यात आल्या आणि काही ठिकाणी तर आतले व्यवहार चालू असतानाच हे काम झाले. तरीही घाण नदीवाटे सरोवरात जात होती आणि पिण्याचे पाणी त्याच सरोवरातून येत होते. अखेर १९०० मध्ये कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला. त्यामुळे शिकागोची घाण मिसिसिपी नदीच्या दिशेने जाऊ लागली. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या मिसूरी राज्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, पण १९०६ मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

दरम्यान ऑक्टोबर १८७१ च्या भीषण आगीत सुमारे तीनशे माणसे दगावली आणि जवळजवळ एक लाख लोक बेघर झाले. नंतरच्या पुनर्बांधणीच्या काळातच गगनचुंबी इमारतींचे तंत्र येथे रुजले. १८८५ मध्ये उभी राहिलेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत आजच्या मानाने ठेंगणी वाटेल, परंतु तिचा भार मुख्यतः भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर होता. म्हणून अनेक जण तिला जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानतात. ती १९३१ मध्ये पाडण्यात आली. पूर्वी सिअर्स टॉवर म्हणून ओळखला जाणारा ११० मजली, ४४२ मीटर उंचीचा विलिस टॉवर १९९८ पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत गणला जाई. त्याची रचना ढाक्यात शिकलेले अभियंते फझलूर रहमान खान यांची. नऊ चौकोनी नळ्या जुडीसारख्या एकत्र बांधल्याने इमारत वाऱ्याचा जोर झेलते. वर जाताना त्यातल्या काही नळ्या मध्येच थांबतात, त्यामुळे तिला पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला आहे.

मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’ हे शिल्प मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे. पोलादाचे १६८ पत्रे जोडून सांधे दिसेनासे होईपर्यंत ते घासलेले आहे. लोक मात्र त्याला सरळ ‘बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा, म्हणतात. त्याच्या पोटाखाली उभे राहून वर पाहिले की आपलीच अनेक वेडीवाकडी रूपे दिसतात.

शहराच्या मध्यभागी पोलादी खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेला ‘एल’ म्हणतात. हिवाळ्यात तिच्या फलाटांवर डोक्यावर उष्णतेचे दिवे लावलेले असतात आणि प्रवासी त्यांखाली दाटीवाटीने उभे राहतात. उत्तर भागातील रिग्ली फील्ड हे १९१४ चे बेसबॉल मैदान याच गाडीच्या वाटेवर आहे. कब्स संघ जिंकला की तिथल्या फलकावर निळ्या ‘डब्ल्यू’ अक्षराचे पांढरे निशाण चढते, त्यामुळे गाडीतल्या प्रवाशांना निकाल कळतो. मैदानाच्या विटांच्या कुंपणावर आयव्हीची वेल पसरलेली आहे. चेंडू तिच्यात अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरचे दोन टप्पे, मिळतात. क्षेत्ररक्षकाने पानांत हात घातला, तर मात्र खेळ चालूच धरला जातो. १९०८ नंतर कब्सला पुढचे विजेतेपद २०१६ मध्ये मिळाले, तोवर त्यांच्या चाहत्यांच्या तीन पिढ्या उलटल्या होत्या. दक्षिण भाग व्हाइट सॉक्स या शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाचा आहे. मायकेल जॉर्डनच्या बुल्स संघाने १९९० च्या दशकात बास्केटबॉलची सहा विजेतेपदे मिळवली.

उत्तर आणि दक्षिण हा भेद खेळापुरता नाही. विसाव्या शतकात दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीयांना घरे मोजक्याच, मुख्यतः शहराच्या दक्षिण भागातल्या, वस्त्यांत मिळत आणि त्या विभागणीच्या खुणा आजही ठळक आहेत. मडी वॉटर्ससारख्या गायक-वादकांनी विजेच्या गिटारवर घडवलेले शिकागो ब्लूज हे संगीत याच स्थलांतरितांचे.

खाण्यात खोलगट थाळीतला पिझ्झा बाहेर गाजलेला असला, तरी अनेक शिकागोकर एरवी पातळ, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झाच मागवतात. हॉट डॉगवर मोहरीची चटणी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि तिखट मिरच्या चालतात, पण केचप मागणाऱ्याकडे दुकानदार चमकून पाहतो. भारतीय वाणसामान डेव्हॉन अव्हेन्यूवर मिळते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९८१ मध्ये याच शहरात झाली.

जोरदार बर्फ पडल्यावर घरासमोरची जागा फावड्याने मोकळी करून गाडी बाहेर काढणारा माणूस तिथे जुनी खुर्ची किंवा इस्त्रीचे टेबल मांडून ठेवतो. या प्रथेला ‘डिब्स’ म्हणतात आणि ती मोडणाऱ्याची गाडी सुरक्षित राहीलच असे नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हा न्याय समजावून सांगावा लागणार नाही. नगरपालिकेला मात्र तो मान्य नाही. काही दिवस वाट पाहून तिच्या कचरागाड्या त्या खुर्च्या उचलून नेतात.